आप्पांच्या कॉम्प्युटरमधलं देऊळ

अपेक्षाला लहानपणापासून एकच खोड होती. झाकण दिसलं की उघडून बघायचं. शेजारणीनं वाटी झाकून आणली तर आत काय आहे, एसटीत पुढच्या सीटवरचा माणूस मोबाईलवर कुणाला काय लिहितोय, हे कळल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडायची नाही. अशा मुलीनं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम शिकावं, म्हणजे दुसऱ्यांच्या कपाटाच्या किल्ल्या आयत्याच हातात आल्या. शिरूर कासारच्या बसस्टँडासमोर तिच्या वडिलांचं, बबनरावांचं, झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच दुकानाच्या मागच्या टेबलावर अपेक्षा लोकांची मशीनं उघडून बसायची. काम चोख करायची, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार आली ती दिवाळीनंतर. गावचे पुढारी विजयसिंह यांच्या घरी ती कॉम्प्युटर साफ करायला गेली होती. साफ करता करता तिला त्यांच्या मुलाचे लग्नासाठी केलेले तीन बायोडाटा सापडले. एकात उंची पाच फूट सहा, दुसऱ्यात पाच आठ, तिसऱ्यात पाच दहा. ह्यातली खरी कोणती, असं तिनं अगदी निरागसपणे विचारलं. विचारलं ते बैठकीत, आणि बैठकीत नेमके मुलीकडचे पाहुणे बसलेले होते. पुढं काय झालं ते सांगायला नको. बबनरावांना दुसऱ्या दिवशी जाऊन हात जोडावे लागले. घरी आल्यावर ते लेकीला एवढंच म्हणाले की तू साफ कर, पण वाचू नको. अपेक्षानं महादेवाची शपथ घेतली, की यापुढं पुसायचं ते न बघता पुसायचं.

शपथ घेऊन पंधरा दिवस झाले असतील, तोवर कल्याणआप्पांचा निरोप आला.

कल्याणराव म्हणजे सगळ्या गावाचे आप्पा. महादेवाच्या देवळाच्या भिंतीला लागूनच त्यांचं दुकान. पुढं किराणा, बाजूला कापूर, विभूती, अष्टगंध, आणि मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर. त्याच्या शेजारी स्कॅनर, त्यावर आप्पांच्या बायकोनं, शिवम्माकाकूंनी, विणलेला रुमाल. मार्गशीर्ष चालू होता. अर्धा तालुका ऊस तोडायला सांगलीकडं, कर्नाटकाकडं गेलेला, त्यामुळं दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आप्पांचं म्हणणं असं, की मशीन चालू करावं, आंघोळ करून यावं, पूजा आटपावी, तरी ते आपलं गोल गोल फिरतच असतं.

अपेक्षानं बघितलं तर जागा भरून पट्टी लालभडक झालेली. ती म्हणाली, कचरा साठलाय, काढून टाकते.

"कचरा सगळा काढ," आप्पा म्हणाले, "पण देवळाला हात लावू नको."

अपेक्षानं पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर गावातल्याच महादेवाच्या देवळाचा फोटो लावलेला होता, शिखरावर झेंडा, पायरीशी आप्पा स्वतः. हाच तो फोटो असणार, असं समजून ती म्हणाली, मी कशाला लावू. आणि कामाला लागली.

टेंपररी फायलींचं सगळ्या मशीनांत सारखंच असतं. काम करताना कॉम्प्युटर काहीबाही तात्पुरतं लिहून ठेवतो आणि नंतर उचलायचं विसरतो. त्यासाठी 'टेंप' नावाचा एक फोल्डर असतो. कुणी त्यात जाऊन बघत नाही, तो आतल्या आत फुगत राहतो. आप्पांचा टेंप मात्र भलताच फुगलेला होता. दोन-चारशे एमबी असावा तिथं अकरा जीबी. एवढं काय असेल ह्यात, असं तिच्या मनात आलं, बोटही माऊसवर गेलं. एरवी तिनं निदान वरच्या दहा फायली तरी उघडल्याच असत्या. पण महादेवाचं देऊळ भिंतीपलीकडं, आणि शपथ ताजी. तिनं खरोखरच डोळे मिटले, सगळं निवडलं आणि कायमचं पुसायची दोन बटणं एकदम दाबली. मशीननं विचारलं, नक्की पुसू का? तिनं हो म्हटलं.

पट्टी लालची निळी झाली. मशीन झटक्यात उघडायला लागलं. आप्पा खूश, शिवम्माकाकूंनी चहा टाकला. आपल्याला मोह आवरता आला, याचा अपेक्षाला त्या चहापेक्षा जास्त आनंद झाला होता.

चहा अर्धा झाला आणि आप्पांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोन नेहमी मोठ्यानं लावायचे. पलीकडं बायनाबाई होती. ती आणि तिचा नवरा राधाकिशन सांगलीकडं एका साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळीवर होते, उसाच्या फडापासून लांब पाचटाच्या कोपीत राहत होते, पोरगी संस्कृती बरोबर. पोरगी तिथल्याच शाळेत जात होती, आणि त्या शाळेतल्या सरांनी तिला पळताना बघितलं होतं. जिल्ह्याच्या शर्यतीत तिचं नाव घालायचं म्हणत होते. सहाशे मीटर, चौदा वर्षांखालच्या मुलींचा गट. अट एकच. जन्म दोन हजार बाराच्या एक जानेवारीला किंवा त्यानंतरचा पाहिजे, आणि तसा कागद आज पाच वाजायच्या आत पाहिजे. पोरगी अंगानं उंच, त्यामुळं तोंडी सांगून कुणी ऐकणार नव्हतं.

"दुष्काळाच्या सालची पोर हाय आप्पा, बाराचीच हाय," बायनाबाई म्हणत होती. "खरा कागद कोपीत उंदरांनी खाल्ला. तुमी देवळातला पाठवा."

आप्पा म्हणाले, आत्ता पाठवतो. फोन ठेवला, टेबलाशी बसले, आणि बोटानं मोजत एकेक चौकट उघडत गेले. अपेक्षा मागं उभी राहून चहा पीत होती. शेवटची चौकट उघडली तेव्हा तिच्या हातातला कप तसाच राहिला. आप्पांनी उघडला होता तो टेंप.

"देऊळ रिकामं हाय," आप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अपेक्षा, देवळात कायबी न्हाई."

सहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर विकणारा माणूस स्कॅनर जोडून गेला, तेव्हा आप्पांनी पहिला कागद काचेवर ठेवला. स्कॅनरनं तो कुठं नेऊन ठेवला ते पडद्यावर इंग्रजीत आलं. आप्पांचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. त्यांनी अक्षरं लावली, टी, ई, एम, पी, आणि बायकोला हाक मारून सांगितलं की बघ, ह्यातबी देऊळ हाय, नाव तेवढं अर्धं लिवलंय. टेंपल. आपलं दुकान देवळाला लागून, म्हणून मशीनवाल्यानं तशी सोय करून दिली असणार, अशी त्यांची समजूत झाली, आणि ती कुणाला विचारून तपासायचं त्यांना कारणच नव्हतं. तेव्हापासून दसरा झाला की ऊसतोडीला निघालेली माणसं महादेवाला नारळ फोडायची आणि आप्पांच्या मागच्या खोलीत येऊन कागद काचेवर ठेवायची. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जन्माची नोंद. परगावी काही अडलं की फोन करायचा, आप्पा मोबाईलवर पाठवून द्यायचे. कुणी विचारलं, कागद कुठायत, की अख्खी टोळी म्हणायची, देवळात हायत. अपेक्षानंही हे वाक्य गावात कितीदा तरी ऐकलं होतं. गाभाऱ्यात एखादी पेटी असेल, असं ती समजत होती.

रडू यायच्या आधी तिनं एक शहाणपण केलं. मशीनचं बटण सरळ दाबून ते बंद केलं आणि सांगितलं, आता ह्याला कुणी शिवायचं नाही. मग तिनं आप्पांना टेंपचा खरा अर्थ सांगितला. टेंपररी. आपण म्हणतो ना, टेंपरवारी नोकरी, तेच. आप्पा ऐकत राहिले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"मंग सहा वर्षं मी ते कचऱ्यात ठेवत हुतो व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आप्पा, चूक माझी हाय. तुमी सांगितलं हुतं. मी बघायला पायजे हुतं."

"कावून न्हाई बघितलं? तू तर सगळंच बघतीस."

याला तिच्याकडं उत्तर होतं, पण पाच फूट दहाची ती कथा सांगायची ही वेळ नव्हती. साडेबारा वाजून गेले होते. ग्रामपंचायतीतून नवा दाखला काढावा तर ग्रामसेवक आठवड्यातून दोनच दिवस यायचा, आणि आज त्यातला वार नव्हता. ती धावत वडिलांच्या दुकानात गेली, लॅपटॉप, स्क्रू खोलायचं पेचकस आणि एक वायर घेऊन आली. आप्पांच्या मशीनची डिस्क काढून तिनं लॅपटॉपला जोडली. ह्या जुन्या डिस्कांचं एक बरं असतं, तिनं आप्पांना समजावलं. पुसलं म्हणजे आतलं लगेच जात नाही. फक्त दारावरची पाटी काढली जाते. घरात माणूस तसाच बसलेला असतो, दुसरं कुणी येऊन राहीपर्यंत. आप्पांना हे फारच नवलाचं वाटलं. मग पाटी नसताना माणूस सापडायचा कसा, असं त्यांनी विचारलं. अपेक्षा म्हणाली, प्रत्येक दार ठोठावायचं.

परत काढायचं सॉफ्टवेअर चालू झालं. एक टक्का, दोन टक्के. आप्पा स्टूल ओढून समोरच बसले. शिवम्माकाकूंनी दोघांना भाकरी आणि ठेचा तिथंच आणून दिला. टक्के वाढताना बघत दोघं जेवले. तीनला दहा कमी असताना शंभर झाले. सापडलेली चित्रं तीन हजार चारशे. आप्पांनी टाकलेली नावं मात्र सगळी गेली होती. नुसते आकडे होते, एकापासून तीन हजार चारशेपर्यंत.

"आता?" आप्पांनी विचारलं.

"आता सगळं उघडून बघायचं," अपेक्षा म्हणाली. शपथ मोडतेय याचं तिला वाईट वाटलं नाही, उलट हात शिवशिवत होते.

पहिली शंभरभर चित्रं खरीच कचरा निघाली. जाहिराती, सणाच्या शुभेच्छा, अर्धेमुर्धे चेहरे. मग एक रेशनकार्ड आलं, मग दाखले. आप्पा एकेक कागद बघून माणसाचं नाव, गाव आणि कुठल्या टोळीवर गेला ते सांगत होते. हातांनी घड्या घातलेले, तेलाचे डाग पडलेले, मधोमध फाटून टाचणीनं जोडलेले कागद. आणि मग असं एक चित्र आलं की अपेक्षाचं बोट थांबलं. काळ्या पडद्यावर एक किल्ली. कागद नाही, काही नाही, नुसती लोखंडी किल्ली.

"ही रामची," आप्पा म्हणाले. "म्हणला, आप्पा, कागद तर समदेच ठेवतेत. माझ्याकडं कागद न्हाई, घराची किल्ली हाय, तीबी देवळात ठेवा. मंग ठेवली काचेवर. किल्ली घिऊन गेला, छाप हितं ऱ्हायला."

किल्लीचा फोटो ठेवून काय होणार, असं तिनं विचारलं नाही. तिनं पुढचं उघडलं. बैलजोडीचा फोटो. लग्नाची पत्रिका. एका म्हातारीचं मंगळसूत्र, तेही काचेवर ठेवलेलं, मण्यांच्या मागं आप्पांच्या स्कॅनरचा उजेड. एका पोराची चित्रकलेची वही, पानामागून पान, चोवीस पानं. आणि मग एक तळहात. एवढासा, बोटं पसरलेली, रेषासुद्धा दिसत होत्या.

"हे काय हो आप्पा?"

"वच्छलाबाईचं लेकरू. फडातच जन्मलं. नोंद न्हाई, दाखला न्हाई, नावबी ठेवलं नव्हतं. ती म्हणली, ह्याचं कायतरी ठेवा देवळात. म्या म्हणलं, हात ठेव."

हे सगळं तिनं सकाळी डोळे मिटून पुसलं होतं. लोकांच्या गोष्टीत नाक खुपसते म्हणून तिला आजवर सगळ्यांनी बोल लावले होते, पण आज न खुपसल्याची लाज तिला जास्त वाटली. तिनं ते चित्र बाजूला काढून लगेच दुसऱ्या डिस्कवर ठेवलं, मग किल्ली ठेवली, मग सगळंच ठेवायला लागली. आप्पांनी घड्याळाकडं बोट दाखवलं. सव्वाचार वाजत आले होते. बायनाबाईचा दोनदा फोन येऊन गेला होता.

एकोणीसशे चाळीस नंबरला संस्कृती सापडली. ग्रामपंचायतीचा दाखला, शिक्का स्पष्ट, कोपरा तेवढा दुमडलेला. आप्पांनी हात जोडले. अपेक्षानं सवयीनं कागद वरून खाली वाचला, आणि जन्मतारखेपाशी येऊन थांबली. तिनं परत वाचलं. अठ्ठावीस डिसेंबर, दोन हजार अकरा.

चार दिवसांनी हुकलं होतं. बायनाबाईला साल आठवत होतं ते दुष्काळाचं, आणि दुष्काळ काही एक जानेवारी बघून आला नव्हता.

"आप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्या तारखेला पोरीला घेणार न्हाईत."

आप्पांनी कागद जवळून बघितला. बराच वेळ बघितला. अपेक्षाच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. झेरॉक्सच्या दुकानात ती वाढली होती, तिला सगळं येत होतं. बाराव्या महिन्यातला दोन उचलायचा आणि सालातल्या शेवटच्या एकावर ठेवायचा. दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणार नाही, कुणाचं नुकसान नाही, आणि सकाळपासून जो दगड छातीवर बसलाय तो उतरेल. तिनं तसं सांगितलं. सांगताना आप्पांकडं बघितलं नाही.

भिंतीपलीकडं देवळात कुणीतरी घंटा वाजवली, माणूस निघून गेला.

"तू म्हणतीस तेच खरं असंल. टेंपरवारी," ते म्हणाले. "पण सहा वर्षं मी देऊळ समजून ठेवलं. लोकांनीबी देऊळ समजूनच ठेवलं. तिथून खोटा कागद कसा भाईर काढू?"

"पोरगी शर्यतीतनं ऱ्हाईल की आप्पा."

"ऱ्हाईल. लई वाईट वाटंल मला. पण पाठव तू हाय तसा."

अपेक्षानं पाठवला. चार वाजून एकतीस मिनिटं. खाली तिनं एक ओळ लिहिली, तारीख बघून घ्या. तेवढं लिहिताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पलीकडून दोन निळ्या खुणा उमटल्या, फोन काही आला नाही.

पाच वाजले. आप्पा दिवा लावायला उठले, परत बसले. शिवम्माकाकूंनी विचारलं, झालं का, तर आप्पांनी फोनकडं बोट दाखवलं. अपेक्षा एकेक चित्र नव्या डिस्कवर घेत राहिली आणि आप्पांना विचारून त्यांना नावं देत राहिली. नव्या फोल्डरला काय नाव द्यायचं हे तिनं विचारलं नाही. मराठीत 'देऊळ' असं लिहून टाकलं.

सव्वापाचला फोन आला. बायनाबाईचा आवाज थकलेला होता. सरांनी तारीख वाचली आणि नाव लहान गटातून काढलं. पोरगी कोपऱ्यात उभी होती, रडली नाही. थोड्या वेळानं तिनंच सरांना विचारलं, दुसरा गट न्हाई का. सर म्हणाले, सतरा वर्षांखालचा आहे, पण त्यात थोराड मुली असतात, आणि पळायचं तीन हजार मीटर, आपल्या शाळेतून त्याला कुणी तयारच होत नाही. पोरगी म्हणाली, लिवा. सरांनी लिहिलं.

"आता आप्पा, तीच बोलाया मागतीया," बायनाबाई म्हणाली.

फोनवर वाऱ्याचा आवाज आला, मग एक पोरसवदा, घोगरा आवाज.

"आप्पा, तीन हजार मीटर म्हंजी किती?"

आप्पांनी अपेक्षाकडं बघितलं. अपेक्षा म्हणाली, तीन किलोमीटर.

पलीकडं ती मनात कसला तरी हिशोब लावत होती. तेवढ्या वेळात अपेक्षाला वाटलं, आता घाबरेल, आता नको म्हणेल.

"फडापसून कोपी एक हाय," संस्कृती म्हणाली. "म्हंजी तीन खेपा. आप्पा, पळताना डोक्यावर मोळी न्हाई ना घ्यायची?"

आप्पांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अपेक्षानं फोन जवळ ओढून घेतला आणि सांगितलं, नाही, डोक्यावर काही घ्यायचं नसतं.

"रिकामंच पळायचं?"

"रिकामंच."

"मग सोपं हाय," पोरगी म्हणाली, आणि फोन आईकडं दिला.